बँकेच्या लिलावातलं दुरुस्तीचं घर: बोलीचा आकडा कसा काढायचा

बडोद्यात बँकेनं जप्त केलेलं घर घ्यायचं म्हटलं की सल्ले देणारे पुष्कळ भेटतात. 'राखीव किमतीच्या जरा वर बोली लावा, बाजारभावापेक्षा स्वस्तच पडतं' हा त्यातला सर्वांत घातक सल्ला. मोडकळीला आलेलं घर स्वस्त पडलं की महाग, हे राखीव किमतीवरून, म्हणजे बँकेनं ठरवलेल्या किमान बोलीवरून, कळत नाही. किल्ली तुमच्या हातात कधी येणार, यावर ते अवलंबून असतं. बंद घर प्रत्येक पावसाळ्यात खचत जातं आणि तो खर्च जाहिरातीत कुठेही लिहिलेला नसतो. मी अशी पाच घरं घेऊन दुरुस्त केली. त्यातल्या दुसऱ्या घरात जे शिकलो, तेच मुख्यतः इथे लिहितो आहे.

घर शोधणं सोपं आहे. सरकारी बँकांचे लिलाव 'बँकनेट' या पोर्टलवर असतात, खाजगी बँका आणि गृहवित्त कंपन्या आपापल्या जाहिराती देतात, शिवाय वर्तमानपत्रात नोटीस येतेच. केवायसी आधीच करून ठेवा.

कागद वकिलाकडून तपासून घ्या. तीस वर्षांचा मालकी शोध, सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड आणि दुसरा बोजा आहे का हे पाहण्यासाठी सेरसायचा, म्हणजे गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीचा, शोध, एवढं हवंच. 'बँकेनं कर्ज दिलं म्हणजे कागद चोखच असणार' असं धरून चालू नका, तुमचा शोध तुमच्या पैशानं करा. बडोद्यापुरती एक गोष्ट जास्तीची. जुन्या शहरात आणि इतरही बऱ्याच भागांत अशांत धारा लागू आहे. 1991 च्या या कायद्यानुसार तिथल्या मिळकतीच्या हस्तांतराला कलेक्टरची पूर्वपरवानगी लागते. घर त्या हद्दीत येतं का आणि बँकेच्या विक्रीत ती परवानगी कोण काढणार, हे बयाणा भरायच्या आधी लेखी विचारा.

आता ताबा. इथे घाई करू नका.

सरफेसी कायद्याखाली, म्हणजे 2002 च्या ज्या कायद्यानं बँका न्यायालयात न जाता गहाण घर विकू शकतात त्याखाली, ताबा दोन प्रकारचा असतो. कर्जदाराला 60 दिवसांची नोटीस देऊनही पैसे आले नाहीत, तर बँक घराच्या दारावर नोटीस चिकटवते आणि पेपरात छापते. हा झाला सांकेतिक ताबा. घरात कर्जदार राहतच असतो, किंवा त्याचंच कुलूप असतं. प्रत्यक्ष ताबा म्हणजे पंचनामा होऊन घर रिकामं झालं आणि कुलूप बँकेचं लागलं. घर दोन्ही अवस्थांत लिलावाला निघतं. दोन्हींची जाहिरात सारखीच दिसते. फरक एका शब्दाचा. इंग्रजी नोटिशीत 'सिम्बॉलिक' की 'फिजिकल', गुजराती नोटिशीत 'सांकेतिक' की 'प्रत्यक्ष'. तो शब्द बारीक टायपात, तक्त्याच्या एखाद्या कोपऱ्यात असतो. तो सापडेपर्यंत पुढचं काही वाचू नका.

दांडिया बाजाराच्या मागच्या एका गल्लीतलं दुमजली घर मी नोव्हेंबर 2017 मध्ये घेतलं. चुन्यातल्या विटांच्या भिंती, सागाच्या तुळया, वर मंगलोरी कौलं. जाहिरातीत सांकेतिक ताबा होता आणि मी तो शब्द वाचलाही होता. बँकेतले अधिकारी म्हणाले, 'दोन महिन्यांत किल्ली देतो.' मी विश्वास ठेवला, कारण कायद्यातही मुदत तशीच आहे. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम 14 खाली जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करते आणि 30 दिवसांत, फार तर 60 दिवसांत, आदेश व्हावा अशी तरतूद आहे. पण अर्ज केव्हा करायचा हे बँकेच्या हातात असतं. आदेशानंतर पोलीस बंदोबस्ताची तारीख मिळावी लागते. त्यात कर्जदाराच्या भावानं हिस्सा सांगून डीआरटीत, म्हणजे अहमदाबादच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात, अर्ज टाकला. मला किल्ली मिळाली सप्टेंबर 2019 मध्ये.

पैसे भरले त्या दिवशी छपरावरची दोन कौलं सरकलेली मी गल्लीतून पाहिली होती. सुतार शिडी लावून अर्ध्या तासात ती बसवून गेला असता. पण घर कायद्यानं माझ्या ताब्यात नव्हतं आणि वर चढायला मला मनाई होती. 2018 चा पावसाळा त्या भोकातून आत गेला. मग 2019 चा गेला, त्यात 31 जुलैला एका दिवसात सुमारे वीस इंच पाऊस कोसळला तोही आला. दार उघडलं तेव्हा त्या भोकाखालच्या तुळईचं भिंतीतलं टोक बोटानं दाबलं तर भिजलेल्या पावासारखं आत गेलं. तक्तपोशी बसली होती आणि खालच्या खोलीच्या भिंतीला छातीइतक्या उंचीपर्यंत लोणा लागला होता. दोन कौलांचं काम होतं, त्याच्या जागी एक तुळई, चार वासे, अख्खी तक्तपोशी आणि एक भिंत करावी लागली.

म्हणून माझं मत पक्कं आहे. दुरुस्तीचं घर सांकेतिक ताब्यावर घ्यायचं असेल तर दोन पावसाळे धरून घ्या, नाहीतर घेऊ नका. अधिकाऱ्यानं तोंडी सांगितलेली मुदत हिशेबात धरू नका. त्याला खोटं बोलायचं नसतं, पण त्याची बदली होते. तीन प्रश्न ईमेलनं विचारा आणि उत्तर ईमेलनंच घ्या: कलम 14 चा अर्ज केला का आणि कोणत्या तारखेला, आदेश झाला का, डीआरटीत किंवा दिवाणी न्यायालयात काही चालू आहे का. डीआरटीच्या संकेतस्थळावर कर्जदाराच्या नावानं प्रकरण स्वतःही शोधा.

आत भाडेकरू असेल तर आणखी जपून. रेंट ॲक्टचं संरक्षण असलेल्या भाडेकरूला बँक सरफेसीच्या बळावर बाहेर काढू शकत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2016 चा निकाल आहे. रावपुरा, बाबाजीपुरा, वाडी या भागांत चाळीस-पन्नास वर्षांचे भाडेकरू असतात. शेजाऱ्यांना विचारा, खरं उत्तर तिथे मिळतं. 'मालक ऐनवेळी पैसे भरून घर सोडवून नेईल' ही भीती मात्र लोक गरजेपेक्षा जास्त घालतात. 2016 च्या कायदादुरुस्तीनंतर तो हक्क लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच आहे.

पाहणीला गवंडी आणि सुतार दोघांना न्या. चौरस फुटाच्या भावानं दुरुस्तीचा अंदाज सांगणारा ठेकेदार नको, तो हिशेब नव्या बांधकामाचा असतो. जुन्या घरात तुळईचं भिंतीत शिरणारं शेवटचं वीतभर टोक पेचकसानं टोचून बघा, वाळवी आणि कूज तिथून सुरू होते. चुन्याच्या भिंतीवर कोणी सिमेंटचं प्लास्टर केलं असेल तर मुठीनं ठोका. पोकळ वाजलं की ओल आत कोंडली आहे असं समजा, ते सगळं काढावंच लागतं. स्लॅबच्या घरात न्हाणीघराच्या खालचं छत बघा, सळई फुगून पोपडे पडलेत का. सामा, कारेलीबाग, फतेहगंज, अकोटा, जिथे जिथे विश्वामित्री नदी जवळ आहे, तिथे 2019 आणि 2024 च्या पुराचं पाणी कुठवर आलं ते शेजारच्या बाईंना विचारा. त्या भिंतीवर हात ठेवून दाखवतात. आत जाऊ देत नसतील तर शेजारच्या गच्चीवरून छप्पर तरी पाहाच, आणि अंदाज वाईटच धरा.

आता आकडा. तो उलटा काढायचा, शेवटाकडून. समजा, त्याच गल्लीत नीट केलेलं तसंच घर 40 लाखांना जातं. प्रत्यक्ष ताबा असेल तर दुरुस्ती 8 लाख आणि भिंत उघडल्यावर जे निघतं त्यासाठी 2, मिळून 10. मुद्रांक शुल्क गुजरातेत 4.9 टक्के आणि नोंदणी 1 टक्का, म्हणजे सुमारे दीड लाख (घर बाईच्या नावावर असेल तर नोंदणी फी माफ आहे, हे विसरू नका). जुना घरवेरा (घरपट्टी), पाणीपट्टी, वीजबिल 1 लाख. आठ महिने अडकलेल्या पैशाचं व्याज दीड लाख. जोखमीपोटी स्वतःचे 3. राहिले 23 लाख. ही तुमची शेवटची बोली.

तेच घर सांकेतिक ताब्यावर धरा. दोन पावसाळ्यांनी दुरुस्ती 10 ची 13 होते. शुल्क 1, थकबाकी 1, दोन वर्षांचं व्याज सव्वातीन, वकील पाऊण लाख, जोखमीचे तेच 3. राहिले 18. एका शब्दानं पाच लाखांचा फरक पडला. राखीव किंमत 21 लाख असेल तर पहिल्या परिस्थितीत बोली लावा, दुसरीत लावू नका. बोली आली नाही तर बहुतेकदा तेच घर काही महिन्यांनी कमी राखीव किमतीला पुन्हा निघतं. लिलाव फसल्यावर बँक खाजगी कराराने विकूही शकते, तेव्हा अधिकृत अधिकाऱ्याला लेखी ऑफर द्या आणि सोबत गवंड्याचा अंदाज व छपराचे फोटो जोडा. नुसत्या आकड्याच्या पत्रावर त्यांना वर काही पाठवता येत नाही.

थकबाकीबद्दल एक. विक्री 'आहे तिथे, आहे तसं' या अटीवर असते आणि मागच्या मालकाचं वीजबिल नव्या मालकाकडून वसूल होऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये स्पष्ट केलं आहे. बोलीच्या आधी वीज कंपनीच्या कार्यालयात जाऊन ग्राहक क्रमांकावर थकबाकी विचारा.

लिलावाच्या दिवशी आकडा कागदावर लिहून स्क्रीनशेजारी ठेवा. शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ वाढत जाते आणि माणूस तापतो.

बोली लागली की बयाण्यासह 25 टक्के त्याच दिवशी किंवा पुढच्या कामाच्या दिवशी भरायचे, उरलेले 75 टक्के विक्री कायम झाल्यापासून 15 दिवसांत. लेखी मुदतवाढ मिळू शकते, पण तीन महिन्यांपलीकडे नाही. चुकलात तर भरलेले 25 टक्के जप्त होतात. म्हणून गृहकर्ज आधी मंजूर करून घ्या, आणि सांकेतिक ताब्याच्या घरावर कर्ज देणार का हे त्या बँकेला स्पष्ट विचारा. किंमत 50 लाख किंवा वर असेल तर 1 टक्का टीडीएस कोणाच्या पॅनवर भरायचा, हेही लिहून घ्या.

ताब्याच्या दिवशी पंचनाम्यावर सही करण्याआधी प्रत्येक खोलीचे, मीटरचे आणि छताचे फोटो काढा. सुतार आणि ताडपत्री सोबत न्या. रंग, फरशी, स्वयंपाकघर नंतर. कुलूप बदललं की पहिला माणूस छपरावर चढवा.