उंटिणीचं दूध घेताय? मग या चुका टाळा

उंटिणीच्या दुधाचं घट्ट दही लागत नाही. चांगलं विरजण घाला, भांडं रात्रभर उबेला ठेवा, सकाळी हाताला लागतं ते ताकाहून थोडं दाट असं काहीतरी. माझ्या मावशीने लागोपाठ तीनदा हे पाहिलं आणि भेसळीचं म्हणून उरलेलं दूध मोरीत ओतून दिलं. दूध अस्सल होतं. मला अजून त्याची हळहळ वाटते.

दही धरायला दुधातलं कप्पा-केसीन नावाचं प्रथिन लागतं. केसीन म्हणजे दुधातली मुख्य प्रथिनं. गाईच्या दुधात कप्पा-केसीन एकूण केसीनच्या सुमारे १३ टक्के असतं, उंटिणीच्या दुधात जेमतेम ३ ते ५ टक्के. शिवाय या दुधातली लायसोझाइम, लॅक्टोफेरिन ही जंतूंना रोखणारी प्रथिनं विरजणालाही आडवी येतात. दही हवंच असेल तर निम्मं म्हशीचं दूध मिसळा. पण घरात कुणाला गाईच्या दुधाची ॲलर्जी आहे म्हणून हे दूध आणलं असेल, तर तो मोह टाळा. गाईचं ज्यांना बाधतं त्यांना बहुधा म्हशीचंही बाधतं.

जाड साय येत नाही, कारण स्निग्धांशाचे कण फार बारीक असतात. चव किंचित खारट लागते, ती चाऱ्यापाण्यावर बदलते. कच्छचे खाराई उंट तर खाडीत पोहत जाऊन तिवरांचा पाला खातात. पातळपणा, पांढराफेक रंग, खारट चव यावरून दूध खराब ठरवू नका. आंबूस वास आला तर मात्र टाका.

दुसरी चूक म्हणजे ॲलर्जी आणि लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, न पचणं एकच समजणं. गाईच्या दुधातलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन अनेकांना बाधतं. उंटिणीच्या दुधात ते नसतंच, म्हणून ॲलर्जीवाल्या बऱ्याच मुलांना हे दूध चालतं. सगळ्यांना नाही, त्यामुळे पहिला घोट डॉक्टरांना विचारूनच. लॅक्टोज मात्र यातही साधारण साडेचार टक्के असतं. गाईच्या दुधाने ज्यांचं पोट फुगतं, त्यांनी एकदम पेलाभर पिऊन ‘हलकं म्हणाले होते’ अशी तक्रार करू नये. अर्ध्या वाटीपासून सुरुवात करा.

आता सगळ्यात घातक चूक. ‘यात इन्सुलिन असतं’ हे ऐकून औषध बंद करणं. बिकानेरच्या डॉक्टरांनी टाइप १ मधुमेहाच्या मोजक्या रुग्णांना रोज अर्धा लिटर हे दूध देऊन पाहिलं, आणि काहींची इन्सुलिनची मात्रा कमी करता आली. पण ती डॉक्टरांनी, साखर तपासत कमी केली. कुणी मनाने सुई सोडली नव्हती. टाइप १ मध्ये इन्सुलिन थांबवणं जिवावर बेतू शकतं. आणि २०० मिलिलिटर दुधात ९ ग्रॅमच्या आसपास साखर असतेच, ती दिवसाच्या हिशेबात धरा. स्वमग्न मुलांच्या आईवडिलांनाही हे दूध उपचार म्हणून महाग विकलं जातं. त्यांनी त्यापायी थेरपी सोडू नये.

मग फायदा काय? प्रथिनं आणि कॅल्शियम चांगलं, आणि क जीवनसत्त्व गाईच्या दुधाच्या तिप्पट. वाळवंटात, जिथे फळं-भाजी दुर्मीळ, तिथे याचं मोल फार मोठं. आपल्याकडे पेरूच्या दोन फोडी त्याहून कितीतरी जास्त देतात. तेव्हा चांगलं दूध म्हणून प्या, पौष्टिक आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी देऊ नका. पावडर घेताना डब्यावरचे घटक वाचा, साखर किंवा गाईच्या दुधाची पावडर मिसळलेली नाही ना ते बघा. आणि ती कोमट पाण्यात आधी घोटून घ्या, नाहीतर गुठळ्या होतात.

शेवटचं, कच्चं दूध. कच्छचा मालधारी, म्हणजे उंट-गुरं पाळणारा, एका पायावर उभा राहतो, दुसरं पाऊल गुडघ्याला टेकवतो, मांडीवर भांडं तोलतो आणि पिल्लाने पान्हा फोडला की मिनिट-दोन मिनिटांत धार काढून मोकळा होतो. ते फेसाळ भांडं प्रेमाने पुढे आलं की नाही म्हणवत नाही. पण कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस हा जंतुसंसर्ग होऊ शकतो. ताप हटत नाही, सांधे दुखतात आणि निदान व्हायला वेळ लागतो. ‘चहाच करा’ म्हणा, तोही त्यांच्याकडे याच दुधाचा असतो. आपल्या विदर्भातही कच्छी रबारी पशुपालक उंट-मेंढ्या घेऊन फिरतात. त्यांच्याकडे दूध मिळालं तर योग्य दाम द्या, घरी आणून नीट उकळा. २०१९ पासून बाजारात आलेल्या अमूलच्या बाटलीसारखं पाश्चराइज्ड दूध असेल तर पुन्हा पुन्हा उकळायची गरज नाही. फ्रिजमध्ये ठेवा आणि बाटलीवरच्या मुदतीत संपवा.