इंटरकनेक्ट केबलची वायर आणण्यापूर्वी

घरच्या स्टिरिओसाठी आरसीए प्लगची इंटरकनेक्ट केबल, म्हणजे एका उपकरणातून दुसऱ्यात सिग्नल नेणारी वायर, स्वतः करायची असेल, तर बाजारात जाण्यापूर्वी दोन उपकरणांमधले अंतर सुतळीने मोजावे; वायर कपाटामागून जशी जाणार आहे तशीच सुतळी फिरवावी, वळणांसाठी वीतभर जास्त धरावे आणि डाव्या-उजव्या दोन्ही वायरी सारख्याच लांबीच्या ठेवाव्यात.

नंतर ही केबल कशाला जोडायची आहे ते पाहावे, कारण वायरची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता, पिकोफॅरॅडमध्ये मोजतात) कुठे बाधते हे त्यावरच ठरते. सीडी प्लेअरचा आउटपुट इंपीडन्स (आउटपुटचा अंतर्गत विरोध) सहसा काहीशे ओहम असतो, त्यामुळे मीटरमागे 100 पिकोफॅरॅडची वायर एक-दोन मीटर वापरली तरी कानाला काहीच फरक पडत नाही. याउलट 50 किलोओहमच्या साध्या व्हॉल्यूम पॉटच्या (आवाज कमी-जास्त करणाऱ्या बदलत्या रोधाच्या) आउटपुटला हीच वायर पाच मीटर टाकली, तर पॉट मधल्या, सर्वांत प्रतिकूल जागी असताना सुमारे 25 किलोहर्ट्झला पातळी 3 डेसिबलने उतरते, म्हणजे उताराची सुरुवात ऐकण्याच्या टप्प्यातच होते. टर्नटेबलला मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (सुईबरोबर चुंबक हलणारा पिकअप) असेल, तर तिच्या माहितीपत्रकात दिलेल्या पिकोफॅरॅडच्या मर्यादेतून फोनो इनपुटचा (अॅम्प्लिफायरमधल्या टर्नटेबलच्या इनपुटचा) आणि टोनआर्मच्या (कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्याच्या) वायरचा वाटा वजा करावा व उरेल तेवढ्यातच केबल बसवावी; येथे मीटरमागे सुमारे 67 पिकोफॅरॅडची, भरीव पॉलिथिलीन इन्सुलेशनची आरजी-59 ही कोअॅक्सियल (मधल्या तारेभोवती जाळी असलेली) वायर उपयोगी पडते.

सर्वांत जास्त वेळ मात्र मधल्या तारेभोवतीची जाळी पाहण्यात घालवावा. आरसीए जोडणीत जाळी हे नुसते आवरण नसते. सिग्नल तिच्यातूनच परततो आणि दोन उपकरणांच्या अर्थिंगमधला 50 हर्ट्झचा भटका प्रवाहही तिच्यातूनच वाहतो. जाळीचा रोध जितका जास्त, तितका त्या प्रवाहाचा व्होल्टेज सिग्नलमध्ये मिसळतो आणि स्पीकरमधून गुणगुण ऐकू येते. म्हणून दाट विणीची तांब्याची जाळी घ्यावी, मग आतली तार साध्या तांब्याची असली तरी चालेल. ऑक्सिजनमुक्त तांब्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही, कारण वहनक्षमतेतला फरक फार तर एखाद्या टक्क्याचा असतो. डिश टीव्हीची आरजी-6 कोअॅक्सियल वायर स्वस्त आणि सहज मिळणारी असली तरी तिची जाळी बहुधा अॅल्युमिनियमची असते आणि तिला नेहमीचे सोल्डर धरत नाही. तिची मधली तारही अनेकदा तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची निघते. त्यामुळे खिशात लहान चुंबक ठेवावे आणि दुकानातच तार तपासावी.

पातळ, फेसाळ इन्सुलेशनची वायर हातात आल्यास सोल्डरिंगचा विचार आधीच करावा, कारण सोल्डरिंग आयर्न थोडा जास्त वेळ टेकला तरी पॉलिथिलीन वितळते आणि मधली तार सरकून जाळीला टेकते. नवख्या हाताने भरीव इन्सुलेशनचीच वायर घ्यावी, आणि प्लग विकत घेऊन तो सोबत न्यावा, कारण आरजी-59 सुमारे 6 मिलिमीटर जाड असते व पुष्कळ स्वस्त प्लगांच्या मागच्या भोकात ती शिरत नाही.