लेमरेन हटचा ट्रेक सोपाच आहे, पण या चुका टाळा

दर उन्हाळ्यात पुण्याहून कोणीतरी स्वित्झर्लंडला आमच्याकडे येतं आणि "पोरांना झेपेल असं काहीतरी सांग ना" म्हणतं, मग मी हेच सांगते. लॉइकरबाड गावाहून केबलकारने गेम्मी पास ही खिंड, पुढे लेमरेनबोडनच्या सपाट माळावरून चालायचं आणि शेवटी चढ चढून २५०१ मीटरवरची हट, म्हणजे खाण्या-मुक्कामाची सोय असलेलं डोंगरातलं घर. सोपं आहे. पण सोपं म्हटलं की लोक जे काही करतात ना...

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वाट दाखवणाऱ्या पिवळ्या पाटीवरच्या वेळेवर भरवसा. गेम्मीहून हटपर्यंत साधारण दीड तास लिहिलेला असतो. अहो, तो नुसता चालायचा वेळ, त्यात थांबणं धरलेलं नसतं, आणि पोरं पाण्यात दगड टाकत बसणार, कोणाला तरी शू लागणार, कोणाला वाइल्डस्ट्रूबेल डोंगरासमोर सतरा फोटो हवे असणार, हे त्या पाटीला काय माहीत? दोन वर्षांपूर्वी आमचे भावोजी "अगं दीड तासाचं तर आहे, आरामात निघू" म्हणाले, नाश्ता आवरेस्तोवर साडेअकरा वाजले, हटवर केक खाऊन, गप्पा मारून परत गेम्मीला येतो तर शेवटची केबलकार गेलेली. मग काय, कड्यातल्या त्या नागमोडी वाटेने सुमारे ९०० मीटर खाली. अठराव्या शतकातली वाट आहे, एरवी मीच तिचं कौतुक करते, पण त्या दिवशी आठ वर्षांची भाची दर वळणावर "मावशी, अजून किती?" विचारत होती आणि तिच्या बाबांची बोलती बंद. दुसऱ्या दिवशी भावोजी घरातला जिना पाठमोरे उतरत होते.

तेव्हापासून मी पाटीवरचा वेळ दुप्पट धरते, वर पोचताच केबलकारच्या वेळांच्या बोर्डाचा फोटो काढते आणि दोनचा अलार्म लावते. वाजला की मागे फिरायचं, हट समोर दिसत असली तरी. लोक तोंड वाकडं करतात, करू देत.

माळावरचा ओढा सकाळी गरीब वाटतो, पण ते ग्लेशियरचं पाणी, ऊन चढलं की दुपारी वाढतं. पोरांना पलीकडच्या वाळूत खेळायला सोडून इकडे डुलक्या काढू नका.

खाली टीशर्ट पुरतो म्हणून वरही पुरेल असं नाही, जुलैतही जॅकेट घ्या. ढग काळवंडले तर "बघू पुढे" नको. सँडल? नाहीच.

मुक्काम करणार असाल तर आधी बुकिंग करा आणि प्रत्येकाचा स्लीपिंग बॅग लायनर (आत शिरून झोपायची पातळ चादरीची पिशवी) घ्या, ब्लँकेट तिथे मिळतं. बूट दाराशीच काढायचे, आत स्लिपर्स असतात. कचरा आपला आपण खाली आणायचा.

आणि हटच्या टेबलावर डबा उघडून बसू नका हो. वर गाडी जात नाही, सगळं खटपटीनं आणलेलं असतं, निदान सूप तरी मागवा. दशम्या आणि लसणाची चटणी माळावरच, मोठा दगड बघून संपवायची.