पिंग, झोंबी, रिव्हर्ट: पहिल्या नोकरीतली बोली

सांगलीचं वालचंद असो, कराडचं गव्हर्न्मेंट इंजिनिअरिंग असो की साताऱ्यातलं एखादं बीसीएचं कॉलेज, शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींना पुण्याला जॉइन होण्याआधी एक यादी हवी असते: तिथे जे शब्द वापरतात ते अर्थासकट लिहून द्या. यादी देता येते, पण तिचा उपयोग बेताचाच. ‘आयडेम्पोटंट’सारखा शब्द कानावर पडला की कुणीही गुपचूप मोबाइल काढतो, शोधतो आणि दोन मिनिटांत मोकळा होतो. घात करतात ते ओळखीचे शब्द. गेममधून, ॲनिमेमधून किंवा शाळेतल्या इंग्रजीतून जो शब्द आधीच माहीत आहे, तो आपण शोधायलाच जात नाही. जुना अर्थ धरून कामाला लागतो. म्हणून इथे भर अशाच शब्दांवर.

पिंगपासून सुरू करू. रात्री जेवण झाल्यावर गेम खेळायला बसणाऱ्याला पिंग म्हणजे एक आकडा: सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद. तीस-चाळीस असला तर निवांत, दीडशेच्या वर गेला की आपण नेम धरेपर्यंत समोरच्याने उडवलेलं असतं. टर्मिनलमधली, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतली, पिंग ही कमांड माइक मूस यांनी डिसेंबर १९८३मध्ये लिहिली आणि सोनारच्या आवाजावरून तिला नाव दिलं. ऑफिसात ‘मला पिंग कर’ म्हणजे नुसतं मेसेज टाक.

गडबड मधल्या अर्थात होते. नवा माणूस पिंग मारतो, उत्तर येत नाही, आणि ‘सर्व्हर डाऊन आहे’ असं ग्रुपवर टाकून बसतो. पुष्कळ ठिकाणी फायरवॉल, म्हणजे नेटवर्कच्या दारावरचा पहारेकरी, पिंगची पाकिटं मुद्दाम टाकून देते. सर्व्हर मजेत चालू असतो. उलटंही होतं. पिंगला उत्तर येतं, पण साइट चालवणारा प्रोग्रॅम कधीच बंद पडलेला असतो, कारण पिंगला उत्तर देतं ते त्या मशीनचं नेटवर्क, तुमचं ॲप्लिकेशन नव्हे. तेव्हा निष्कर्ष लिहू नका, काय पाहिलं ते लिहा: ‘पिंगला उत्तर नाही, पण ४४३ पोर्ट (साइटचं दार) उघडा आहे’, किंवा ‘लॉगिनचं पान उघडताना ५०२ येतोय’. एररच्या या आकड्यांना अर्थ असतो. ५०० म्हणजे आत काहीतरी फुटलंय, लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, बघा. ५०२ म्हणजे दारावरचा सर्व्हर जिवंत आहे, पण त्याला मागच्याकडून धड उत्तर मिळालं नाही. ५०४ म्हणजे मागच्याने वेळेत उत्तरच दिलं नाही. ४०४ सगळ्यांना पाठ असतो. गोंधळ ४०१ आणि ४०३मध्ये होतो. ४०१ विचारतो, तू कोण ते आधी सांग. ४०३ म्हणतो, परवानगी नाही, आत सोडणार नाही. पहिल्यात लॉगिन किंवा टोकन तपासायचं, दुसऱ्यात परवानग्या. दुसऱ्यात पासवर्ड दहा वेळा बदलून काही होत नाही.

ऑफिसातलं पिंग करतानाही एक खोड सोडावी लागते: ‘हाय’ लिहून उत्तराची वाट पाहणं. समोरचा तासाभराने ‘हाय’ म्हणणार, मग तुम्ही प्रश्न टाकणार, तोवर तो मीटिंगमध्ये. पहिल्याच मेसेजमध्ये तीन गोष्टी हव्यात: काय करत होतो, काय व्हायला हवं होतं, काय झालं. एररचा मजकूर कॉपी करून टाका. स्क्रीनचा मोबाइलने काढलेला फोटो टाकला तर समोरच्याला तो मजकूर शोधता येत नाही, आणि कामाची ओळ बहुधा फोटोच्या बाहेरच राहिलेली असते. आपल्याकडच्या मुलांना वरिष्ठांना नुसत्या नावाने लिहिणं जड जातं. बहुतेक टीममध्ये नावानेच चालतं. ‘सर’ म्हटल्याने कुणी रागवत नाही, पण प्रत्येक ओळीत ‘सर’ नको.

स्पीडचंही असंच. घरी ‘शंभर एमबीचं नेट’ म्हणतात ते शंभर मेगाबिट असतं, आणि फाइल मोजतात मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट. एक जीबीची फाइल उतरायला ऐंशी सेकंद तरी लागणारच. विश्रामबागेतून वर्क फ्रॉम होम करताना ‘पाच मिनिटांत बिल्ड (तयार प्रोग्रॅम) उतरवून सांगतो’ म्हणण्याआधी हा भागाकार करावा.

आता लिनक्समधलं मृत्युप्रकरण. तिथे चाललेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला प्रोसेस म्हणतात. एका प्रोसेसने दुसरी सुरू केली की पहिली पेरेंट, दुसरी चाइल्ड. पेरेंट आधी संपली तर चाइल्ड ऑर्फन होते आणि बहुधा एक नंबरची प्रोसेस, म्हणजे इनिट, तिला दत्तक घेते. ‘डेमन’ ऐकून दचकू नका. मागे गुपचूप चालणाऱ्या कामाला ते नाव एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅकमधल्या लोकांनी १९६३च्या सुमारास भौतिकशास्त्रातल्या मॅक्सवेलच्या राक्षसावरून दिलं.

झोंबी मात्र नीट समजून घ्या, कारण मुलाखतीत हमखास विचारतात आणि सिनेमातला अर्थ डोक्यात असला की उत्तर हमखास चुकतं. झोंबी प्रोसेस कुणाला खात नाही. ती संपलेली असते. मेमरी नाही, सीपीयू नाही. उरते फक्त प्रोसेसच्या तक्त्यातली एक नोंद, कारण ती कशी संपली हे पेरेंटने अजून वाचलेलं नसतं. ‘पीएस’ कमांडच्या स्थितीच्या रकान्यात तिच्यापुढे झेड दिसतो. ‘किल उणे नऊ देईन’, म्हणजे जबरदस्तीने बंद करीन, हे उत्तर दिलं की समोरचा हसतो: मेलेल्याला काय मारणार? उपाय पेरेंटवर करायचा. पेरेंट बंद केली की झोंबी इनिटकडे जाते आणि इनिट ती नोंद पुसून टाकतो. एखाद-दुसरी झोंबी असली तर दुर्लक्ष करा. शेकड्याने वाढत असतील तर पेरेंटच्या कोडमध्ये चूक आहे.

आणि नुसतं ‘किल’ म्हणजेही ठार मारणं नाही. त्याने पंधरा नंबरचा सिग्नल जातो, म्हणजे ‘आवरून घे’ असा निरोप. प्रोग्रॅम फाइल बंद करतो, कनेक्शन सोडतो, मग थांबतो. उणे नऊमध्ये आवरायला वेळच मिळत नाही. फाइल अर्धी लिहिलेली राहते, लॉक फाइल मागे उरते आणि पुढच्या वेळी प्रोग्रॅम ‘मी आधीच चालू आहे’ म्हणून सुरू व्हायला नकार देतो. आधी साधा किल, दहा-पंधरा सेकंद थांबा, मग उणे नऊ.

कोड तपासायला दिला की त्याखाली शेरे येतात. ‘एलजीटीएम’ म्हणजे मला ठीक वाटतंय. ‘डब्ल्यूआयपी’ म्हणजे काम चालू आहे, अजून तपासू नका. शेऱ्याच्या सुरुवातीला ‘निट’ असेल तर ती बारीकसारीक सूचना. जमलं तर करा, त्यासाठी काम अडवलेलं नाही. नवी मुलं निटवर अर्धा दिवस घालवतात आणि खालचा ‘हे असं का केलंस?’ हा शेरा मनाला लावून घेतात. मराठी कानाला तो रागावल्यासारखा वाटतो, पण नव्वद टक्के वेळा तो खरोखरचा प्रश्न असतो. लगेच कोड बदलू नका. कारण लिहा. कारण सापडलं नाही तर मग बदला.

मर्ज कॉन्फ्लिक्टमध्ये भांडण कुणाचंच नसतं. एकाच ओळीवर दोघांनी वेगवेगळे बदल केले आणि कोणता ठेवायचा ते गिटला, म्हणजे कोडमधल्या बदलांचा हिशेब ठेवणाऱ्या प्रोग्रॅमला, ठरवता आलं नाही, एवढंच. फाइलमध्ये डावीकडे टोक असलेली सात चिन्हं, मधे सात बरोबरची चिन्हं आणि खाली उजवीकडे टोक असलेली सात चिन्हं दिसतात. वरचा भाग तुम्ही उभे आहात त्या शाखेचा (कोडच्या वेगळ्या प्रतीचा), खालचा येणाऱ्या शाखेचा. पण रिबेस करताना, म्हणजे आपले बदल दुसऱ्या शाखेच्या टोकावर नव्याने रचताना, हे उलटं होतं, आणि आपला समजून दुसऱ्याचाच भाग ठेवला जातो तो इथेच. हवं ते ठेवा, तिन्ही खुणा पुसा, प्रोग्रॅम चालवून बघा, मग कमिट, म्हणजे बदलाची पक्की नोंद.

अलर्टच्या बाबतीत सांगलीकरांना काही वेगळं शिकवावं लागत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णा चाळीस फुटांवर गेली की इशारा पातळी, पंचेचाळीसला धोका पातळी. हे इथल्या पोराटोरांना माहीत असतं. सर्व्हरच्या डिस्कवरही अशाच दोन रेषा आखतात, वॉर्निंग आणि क्रिटिकल. वॉर्निंगला तयारी करायची, क्रिटिकलला हातातलं काम टाकून उठायचं. आकडा रेषेच्या आसपास वर-खाली होत राहिला की दर मिनिटाला मेसेज येतो. त्याला फ्लॅपिंग म्हणतात. म्हणून अलर्ट वाजायची रेषा नव्वद टक्क्यांवर आणि बंद व्हायची पंच्याऐंशीवर, अशी वेगवेगळी ठेवतात.

वेळेचे शब्द सगळ्यांत साधे दिसतात. ‘ईओडी’ म्हणजे दिवसअखेर, पण कुणाच्या? न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. त्यांचे संध्याकाळचे सहा म्हणजे आपले पहाटेचे साडेतीन किंवा साडेचार. ‘आपल्या सातपर्यंत की त्यांच्या?’ एवढं विचारलं तर काही बिघडत नाही. तारीखही आकड्यांत लिहू नका: ०४/०५ आपल्याकडे चार मे, अमेरिकेत पाच एप्रिल. ‘ब्लॉकर’ म्हणजे अवघड काम नव्हे. दुसऱ्या कुणी काही केल्याशिवाय आपलं पुढे सरकत नाही, तो ब्लॉकर. म्हणून कुणी काय करायचं आहे ते नावासकट सांगावं. आणि ‘पाच पॉइंटचं काम’ म्हणजे पाच तासही नाहीत नि पाच दिवसही नाहीत. एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा ही फक्त कामांची एकमेकांशी तुलना असते, आणि ती टीमगणिक बदलते.

‘पॅकेज’ हा घरच्यांना सगळ्यांत जास्त ओळखीचा शब्द. चार लाखांना बाराने भागलं की ३३,३३३ येतात, पण तेवढे हातात पडत नाहीत. सीटीसीमध्ये, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च त्यात, कंपनीचा पीएफचा वाटा, बहुधा ग्रॅच्युइटी आणि विमाही धरलेला असतो. वर तुमचा पीएफ आणि व्यवसाय कर कापला जातो, तो महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे महिना २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. एचआरला ‘इन हँड किती?’ असंच विचारा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

जेवणाच्या टेबलावर मात्र वेगळीच बोली ऐकू येते. गेमिंग, ॲनिमे आणि के-पॉपवाल्यांचे शब्द आता कामातही शिरलेत. ‘शिप’ घ्या. डेव्हलपर ‘शुक्रवारी शिप करू’ म्हणतो तेव्हा सॉफ्टवेअर लोकांच्या हातात द्यायचं असतं. फॅन ‘मी या दोघांना शिप करते’ म्हणते तेव्हा तिला त्या दोन पात्रांची जोडी जमायला हवी असते. ‘कॅनन’ म्हणजे मूळ कथेत अधिकृतपणे घडलेलं. हेडकॅनन म्हणजे ज्याने-त्याने मनाशी मानलेलं. के-पॉपमधला ‘कमबॅक’ म्हणजे गायब झालेला कलाकार परतला असं नव्हे. नवं गाणं किंवा अल्बम आला की तो कमबॅक, मग मधे चारच महिने का गेले असेनात. ‘शोनेन’ हा कथेचा प्रकार नाही. तो कोणत्या वयाच्या मुलांसाठी छापलंय ते सांगतो. त्यात मारामारीही असते आणि स्वयंपाकही. ‘फिलर’ म्हणजे मूळ मांगात (जपानी कॉमिकात) नसलेला, ॲनिमेसाठी घातलेला भाग.

गेममधलं ‘नर्फ’ म्हणजे एखादी गोष्ट मुद्दाम कमजोर करणं, ‘बफ’ म्हणजे ताकद वाढवणं. ‘त्यांनी एपीआयची लिमिट नर्फ केली’, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमकडून सेवा घ्यायची मर्यादा कमी केली, असं कुणी म्हणालं तर आता कळेल. ‘मेटा’ला फसू नका: गेमरचा मेटा म्हणजे सध्या सगळ्यांत चालणारी पद्धत, प्रोग्रॅमरचा मेटाडेटा म्हणजे माहितीबद्दलची माहिती, आणि कंपनी तिसरीच. सर्व्हरना पात्रांची नावं देण्याची हौस पुष्कळ टीमना असते. मालिका माहीत नसली तरी चालेल, पण कोणत्या नावाचा सर्व्हर प्रॉडक्शनचा, म्हणजे ग्राहक प्रत्यक्ष वापरतात तो, आहे हे पहिल्या दिवशी विचारून लिहून ठेवा. आणि स्पॉयलर टाकू नका. लोक बिल्ड मोडलेलं माफ करतात, शेवटचा एपिसोड सांगितलेला नाही.

काही शब्द आपल्याच इंग्रजीने बिघडवलेत. ‘आय हॅव अ डाउट’ आपल्याकडे साधी शंका. अमेरिकन क्लायंटला वाटतं तुमचा त्याच्यावर विश्वास नाही. तिथे ‘क्वेश्चन’ म्हणा.

सगळ्यांत महाग पडतो तो ‘रिव्हर्ट’. आपल्या ऑफिसच्या पत्रांत ‘प्लीज रिव्हर्ट’ म्हणजे कळवा, उत्तर द्या. गिटमध्ये रिव्हर्ट म्हणजे केलेला बदल मागे घेणं. लीडने, म्हणजे टीमच्या प्रमुखाने, कोडखाली ‘प्लीज रिव्हर्ट ऑन धिस’ लिहिलं तर त्याला बहुधा उत्तर हवंय. ‘प्लीज रिव्हर्ट धिस’ असेल तर बहुधा बदल मागे घ्यायचाय. एका ‘ऑन’वर भरवसा ठेवू नका. ‘उत्तर देऊ की कमिट मागे घेऊ?’ ही एक ओळ लिहा आणि थांबा.

मागेच घ्यायचं ठरलं तर गिट रिव्हर्ट वापरा. त्याने उलटा बदल करणारं नवं कमिट तयार होतं, जुना इतिहास तसाच राहतो. सगळ्यांच्या शाखेवर रिसेट हार्ड करून (जुन्या जागी मागे जाऊन) फोर्स पुश करू नका, म्हणजे ते जबरदस्तीने सर्व्हरवर लादू नका. दुसऱ्यांनी मधल्या काळात ढकललेली कमिट तिथून गायब होतात. झालंच तर घाबरून आणखी कमांडी मारत बसू नका. ज्याच्या मशीनवर ती कमिट होती तिथे रिफ्लॉगमध्ये, म्हणजे गिटच्या हालचालींच्या नोंदवहीत, सापडतात. अशा सुट्या पडलेल्या नोंदी गिट ठरलेल्या सेटिंगप्रमाणे ३० दिवस ठेवतं. मर्ज कमिट रिव्हर्ट करताना ‘उणे एम एक’ द्यावं लागतं, नाहीतर कोणती बाजू मुख्य धरायची ते गिटला कळत नाही आणि ते नकार देतं. आणि चूक सुधारून तीच शाखा पुन्हा मर्ज केली तर जुने बदल परत येत नाहीत, फक्त नवी दुरुस्ती येते. गिटच्या लेखी ते जुने बदल आधीच मर्ज झालेले असतात. तेव्हा आधी त्या रिव्हर्टचाच रिव्हर्ट करायचा, मग शाखा मर्ज करायची.