रोगप्रतिकारशक्ती ‘वाढवताना’ या चुका टाळा

पायाची जखम चिघळली की एक-दोन दिवसांत जांघेत अवधाण येतं. बोटांना गोळीसारखं लागतं, दाबलं की दुखतं. जखम खाली असताना गाठ वर कशी आली, म्हणून माणूस घाबरतो आणि ती गाठच चोळून जिरवायला बघतो. ती असते लसिकाग्रंथी. जखमेतले जंतू आणि त्यांचे तुकडे लसिकेबरोबर, म्हणजे पेशींभोवतालच्या पातळ द्रवाबरोबर, वाहत तिथे पोचतात. तिथल्या पांढऱ्या पेशी त्यांची ओळख पटवतात आणि ज्या पेशींशी ओळख जुळते त्या भराभर दुणावू लागतात. ग्रंथी फुगते ती या गर्दीमुळे. उपचार जखमेवर करायचा, गाठ चोळायची नाही. मात्र जखम किंवा आजार काही नसताना गाठ आली, कडक लागली, वाढतच गेली किंवा महिना उलटूनही बसली नाही, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवी.

या विषयातले बरेच घोळ इथूनच सुरू होतात. शरीर जे काम करत असतं त्यालाच आपण आजार समजतो आणि ते बंद पाडायला धावतो.

‘जास्त तितकी चांगली’ हा समज

प्रतिकारशक्ती म्हणजे टाकीतलं पाणी, पातळी खाली गेली की वरून ओतायचं, असं बहुतेकांच्या मनात असतं. ‘वाढवणे’ हे क्रियापदच मला इथे खटकतं. परकं कोण आणि आपलं कोण हे ओळखणं, बेताने वार करणं, काम झालं की थांबणं आणि शत्रूचा चेहरा लक्षात ठेवणं, ही सगळी कामं नीट होणं म्हणजे चांगली प्रतिकारशक्ती. ओळखण्यात चूक झाली की याच पांढऱ्या पेशी घरच्यांवर उलटतात. टाइप १ मधुमेहात त्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारतात, आमवातात सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करतात. परागकणांसारख्या निरुपद्रवी गोष्टीवर तुटून पडल्या की ॲलर्जी होते. थांबणं जमलं नाही तर जंतूपेक्षा लढाईनेच जास्त नुकसान होतं. गंभीर कोविडमध्ये काही रुग्णांच्या फुप्फुसांचं हेच झालं.

म्हणून ज्यांना असा आजार आहे, किंवा ज्यांच्या शरीरात दुसऱ्याचं मूत्रपिंड वा यकृत बसवलेलं आहे, त्यांनी ‘इम्युनिटी बूस्टर’ लिहिलेलं काहीही डॉक्टरांना न विचारता घेऊ नये. त्यांची औषधं मुद्दाम ही शक्ती दाबण्यासाठीच दिलेली असतात.

इतरांचं काय? ‘क’ जीवनसत्त्वावर भरपूर चाचण्या झाल्या आहेत. रोज गोळी घेतल्याने सर्वसाधारण माणसाची सर्दी टळत नाही. मोठ्यांमध्ये ती जेमतेम ८ टक्के लवकर संपते. सर्दी झाल्यावर गोळी सुरू केली तर खात्रीचा म्हणावा असा फायदा दिसलेला नाही. ‘ड’ जीवनसत्त्वाचे मोठे डोस महिनोन्‌महिने घेतले तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. कमतरता असेल तर ती जरूर भरून काढा. प्रथिनं, जस्त किंवा ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडलं तर प्रतिकार खरोखर दुबळा होतो. पण भरलेल्या भांड्यात ओतलेलं बाहेरच सांडतं.

कणकण आली की लगेच गोळी

ताप जंतू आणत नाहीत, शरीर स्वतः आणतं. पांढऱ्या पेशींनी सोडलेले रासायनिक निरोप मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला पोचतात आणि तो शरीराचं ठरलेलं तापमान वर सरकवतो. वाढलेल्या उष्णतेत अनेक विषाणूंची वाढ मंदावते आणि बचाव करणाऱ्या पेशी अधिक चपळ होतात. थर्मामीटरवर ३७.८ अंश सेल्सिअस दिसलं, पण माणूस पाणी पितोय, बोलतोय, झोपतोय, तर आकडा खाली आणायची घाई नको. अंग ठणकतंय, झोप लागत नाही, तर गोळी घ्यावी. त्रास सोसण्यात काही शौर्य नाही.

दोन गोष्टी मात्र अजिबात अंगावर काढू नका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस ताप असेल तर त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टर गाठा. आणि तापासोबत धाप, ताठलेली मान, असंबद्ध बोलणं किंवा दाबूनही न फिकटणारे लालजांभळे ठिपके दिसले तर घरी थांबू नका.

शेंबूड हिरवा झाला, आता अँटिबायोटिक हवंच

हा समज किती घट्ट रुजलाय! हिरवा रंग जंतूंचा नसतोच. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींमध्ये लोहयुक्त हिरवं विकर (एन्झाइम) असतं, त्याचा तो रंग. अस्थिमज्जा रोज सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल तयार करते. ते लढतात, मरतात आणि शेंबडातून, पुवातून बाहेर पडतात. साध्या विषाणूजन्य सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी हा रंग येतो आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. मागच्या वेळची उरलेली अर्धी पट्टी तर कधीच घेऊ नका. अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात, हा इशारा पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल स्वीकारतानाच दिला होता.

‘रोग होऊन गेला की पक्की प्रतिकारशक्ती मिळते, लस कशाला?’

यातला पहिला भाग गोवरासारख्या रोगांपुरता खरा आहे, म्हणूनच माणसं फसतात. १८४६ मध्ये उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर गोवराची साथ आली. जवळपास ७,८०० वस्तीतले सुमारे ६,००० लोक आजारी पडले. पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरने घरोघरी फिरून नोंदी केल्या. बेटांवर त्याआधीची साथ १७८१ ची. त्या वेळी गोवर होऊन गेलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही. ६५ वर्षं शरीराने तो चेहरा विसरला नव्हता.

पण या आठवणीची किंमत काय? गोवराचा विषाणू नेमका स्मृतिपेशींनाच गाठतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात लस न घेतलेल्या मुलांची तपासणी केली, तेव्हा गोवरानंतर त्यांची इतर रोगांविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं (जंतूंना ओळखून चिकटणारी प्रथिनं, अँटिबॉडी) नाहीशी झाल्याचं दिसलं. म्हणजे एक धडा शिकताना बाकीची पाटी पुसली जाते. लस तोच धडा पाटी न पुसता शिकवते.

लस घेणारेही दोन ठिकाणी चुकतात. आज टोचली आणि उद्यापासून निर्धास्त झाले. पण प्रतिपिंडं पुरेशी तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. दुसरी चूक पुढचा डोस टाळण्याची. पहिल्या भेटीत ओळख होते, दुसऱ्या भेटीत ती पक्की होते.

सारखं आजारपण येतंय? शोध कुठून सुरू करावा

लहान मुलाला वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होणं नेहमीचं आहे. प्रत्येक विषाणू त्याच्यासाठी नवा असतो. पण वर्षात दोनदा न्यूमोनिया, पुन्हापुन्हा खोलवर गळवं, हटत नसलेला तोंडातला बुरशीचा पांढरा थर किंवा न वाढणारं वजन, यांपैकी काही दिसलं तर तपासणी हवी.

मोठ्यांनी आधी झोप मोजावी. एका प्रयोगात निरोगी लोकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब सोडले होते. सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपटीहून अधिक प्रमाणात सर्दी झाली. त्यानंतर धूम्रपान, मग रक्तातली साखर, मग चालू असलेली औषधं. यादीत स्टेरॉइड सापडलं तर ते आपल्या मनाने एकदम बंद करू नका. बरेच दिवस स्टेरॉइड घेतल्यावर मूत्रपिंडावरची अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथी स्वतःचं संप्रेरक बनवणं कमी करते आणि अचानक थांबवल्यास जिवावर बेतू शकतं. आणि प्रतिकार दाबणारं औषध नव्याने सुरू होणार असेल, तर पहिल्या गोळीच्या आधीच डॉक्टरांना विचारा की कुठल्या लसी राहिल्या आहेत. गोवर, कांजिण्यांसारख्या जिवंत जंतूंच्या लसी एकदा ते औषध सुरू झालं की सहसा देता येत नाहीत.