मेअखेर विणाऱ्या गाईची तयारी ऑक्टोबरातच

ऑगस्टच्या मध्यावर फळलेली गाय सुमारे २८० दिवसांनी, म्हणजे मेअखेर विते. सातवा महिना लागतो फेब्रुवारीत, सड्यावरचं (खडकाळ माळावरचं) गवत करपल्यावर. पोटातल्या वासराचं दोन-तृतीयांश वजन मात्र त्यानंतरच वाढतं. म्हणून हिशेब भातकापणीतच मांडा. २५० किलोच्या कोकण कपिला जातीच्या गाईला रोज ५ किलो सुकी वैरण धरली, तर फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत ६०० किलो लागते.

ती सगळी भाताच्या पेंढ्याची नको. पेंढ्यात प्रथिनं जेमतेम ३-४ टक्के, वर ऑक्झलेट कॅल्शियम अडकवून ठेवतं. वरकसावरचं (डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवरचं) गवत फुलोऱ्यात असतानाच कापून वाळवा. पिवळं पडल्यावर कापलं तर उडवी मोठी दिसते, एवढंच. पेंढा सुधारायचा तर १०० किलोला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरावर शिंपडा, तुडवा, ताडपत्रीखाली २१ दिवस हवाबंद ठेवा. खडा राहिला तर विषबाधा होते. घालण्याआधी तासभर पसरून वास जाऊ द्या. लहान वासरांना हा पेंढा घालू नये.

सातव्या महिन्याआधी बरगड्या बघा. शेवटच्या दोन अंधुक दिसल्या तर ठीक. सगळ्या मोजता आल्या तर आंबोण (भरडा, कोंडा, पेंड यांचा खुराक) लगेच सुरू करा. एरवी सातव्यात १ किलो, नवव्यात दीड. १० किलोत मक्याचा भरडा साडेतीन, भाताचा बारीक कोंडा साडेतीन, शेंगदाणा पेंड २.७ किलो, खनिज मिश्रण २०० ग्रॅम, मीठ १०० ग्रॅम. कोंडा पंधरवड्यापुरताच आणा, खवट होतो. बुरशी आलेली पेंड स्वस्तात मिळाली तरी नकोच. बांधावरच्या गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) पाला कोमेजवून रोज ३ किलो दिला तर पेंडेचा खर्च हलका होतो. दुभती असेल तर विण्याआधी दोन महिने आटवा.

विल्यावर वासराला पहिल्या दोन तासांत चीक पाजा, वजनाच्या दहाव्या हिश्श्याचा निम्मा तरी. वार १२ तासांत पडली नाही तर ओढू नका, डॉक्टरांना बोलवा. आंबोण शरीरासाठी १ किलो, शिवाय अडीच लिटर दुधामागे १ किलो.

जूनचं कोवळं गवत फसवं: पोट भरतं, पण त्यात बहुतेक पाणीच, शेणही पातळ होतं. चरायला सोडण्याआधी २ किलो सुकी वैरण घाला. इथे हात आखडला तर गाय खंगते आणि ४५-६० दिवसांत येणारा माज लांबतो. तेव्हा माजाच्या इंजेक्शनांआधी गव्हाण तपासा. माज सकाळी दिसला तर रेतन संध्याकाळी, आणि गाभण तपासणी होईपर्यंत खनिज मिश्रण चालूच ठेवा.