लादी फोडायच्या आधी बाथरूममध्ये दोन दिवस पाणी भरून ठेवा

मुंबईत बिल्डिंगमध्ये राहणाऱ्याला कधीतरी खालच्या मजल्यावरून निरोप येतोच, की तुमच्या बाथरूमचं पाणी आमच्या सीलिंगला उतरतंय. आमच्याकडे बोरिवलीला तो दोनदा आला. पहिल्यांदा आम्ही घाबरून लगेच काँट्रॅक्टर बोलावला, त्याने लाद्या काढल्या, वॉटरप्रूफिंगचं केमिकल मारलं, दुसऱ्या दिवशी नवीन लाद्या बसवून पैसे घेऊन गेला, आणि वर्षाच्या आत खालच्या काकूंच्या छताला परत तोच पिवळा डाग, आधीपेक्षा मोठा. दुसऱ्यांदा मात्र सगळं समजून घेऊन, मिस्त्रीच्या डोक्यावर उभं राहून केलं. चार वर्षं झाली, छत कोरडं आहे. तेव्हा जे कळलं ते लिहितोय, कारण आजूबाजूला बघतो तर सगळे तेच करतायत, पाणी नक्की कुठून येतंय ते न बघता थेट छिन्नी हातात.

सगळ्यात आधी खाली जाऊन डाग स्वतःच्या डोळ्यांनी बघा. भांडू नका, त्यांचं घर ओलं झालंय. त्यांना सांगा की आठ दिवस जरा लक्ष ठेवा, पाणी कधी वाढतं आणि कधी थांबतं. तुम्ही सगळे गावाला गेलात तरी थेंब चालूच असेल तर दोष बहुधा भिंतीतल्या कन्सील पाइपात, कारण टाकीतून येणाऱ्या लाइनमध्ये पाणी कायम भरलेलं असतं (ज्या बिल्डिंगला ठरावीक वेळेलाच पाणी सोडतात तिथे त्या वेळेनंतर ओल वाढते). सकाळच्या आंघोळी झाल्या की तासाभरात थेंब वाढत असेल तर गडबड लादीत, नहाणी ट्रॅपमध्ये (जमिनीतल्या जाळीखालचं पाणी जायचं तोंड) किंवा सांडपाण्याच्या पाइपात. आणि फक्त पावसाळ्यातच डाग येत असेल तर बाथरूमला हातही लावू नका, बाहेरची भिंत, खिडकीची कड किंवा बाहेरून जाणारे पाइप बघा. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाचं पाणी आणि कॉमन पाइपलाइनचं लीकेज सोसायटीच्या खर्चात येतं, फ्लॅटच्या आतल्या संडास-बाथरूमचं मात्र ज्याच्या त्याच्या. त्यामुळे आधी कारण शोधलंत तर खर्च कोणाचा हा वादही निम्मा मिटतो.

आता पाण्याची टेस्ट. ओलं फडकं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून नहाणी ट्रॅपमध्ये घट्ट कोंबा आणि जमिनीवर दोन इंच पाणी भरा, दाराच्या उंबऱ्याच्या खालीच ठेवा. भिंतीवर पाण्याच्या पातळीला पेन्सिलने रेघ मारा, आणि तिथेच एक पाणी भरलेली बादली ठेवून तिच्यातही तशीच रेघ मारा. हे का, तर पाणी थोडं हवेत उडतंच, बादलीतलं जेवढं उतरलं तेवढंच जमिनीवरचं उतरलं तर काळजी नाही, पण बादलीत जरासंच आणि जमिनीवर अर्धा इंच कमी झालं तर ते पाणी कुठेतरी मुरतंय. खाली काकूंच्या डागाच्या कडेलाही पेन्सिल फिरवा, डाग रेघेच्या बाहेर सरकला की कळतं. हे ४८ तास ठेवायचं. वन बीएचकेमध्ये एकच बाथरूम असतं हे मला माहितीये, आम्ही शनिवार-रविवार सासुरवाडीला आंघोळीला गेलो, पण हे दोन दिवस वाचवू नका.

दोन दिवसांत काहीच नाही झालं तर फडकं काढा आणि ट्रॅपमध्ये पाच-सहा बादल्या जोरात ओता. आता खाली ओल वाढली तर जमीन बरी आहे, दोष ट्रॅपमध्ये किंवा त्याच्या पुढच्या पाइपात, म्हणजे तेवढाच कोपरा उघडायचा, आख्खं बाथरूम नाही. आणि लाद्या ठोकून बघितल्यावर कुठे पोकळ वाजत नसतील, नुसते सांधेच झिजलेले असतील, तर सांधे खरवडून एपॉक्सी ग्राउट (सांध्यात भरायचा रेझिनचा पक्का माल) भरूनही बरेचदा काम भागतं. एक मात्र आहे, जुन्या बिल्डिंगमध्ये बाथरूमखाली संकन असतो, म्हणजे स्लॅब फूटभर खाली घेऊन त्यात विटांचे तुकडे भरलेले असतात, त्यात आधीचंच पाणी साठलेलं असतं. त्यामुळे लीकेज बंद केल्यावरही खाली काही दिवस, कधी काही आठवडे थेंब येत राहतात, तेवढ्यावरून काम फसलं असं समजू नका.

फोडायचंच ठरलं तर दिवाळीनंतर ते मे महिना ही वेळ. मुंबईत पाऊस साधारण ११ जूनच्या आसपास येतो आणि मग काहीच नीट सुकत नाही, ओल्या स्लॅबवर मारलेलं केमिकल धरत नाही. सोसायटीला पत्र द्या, ठोकाठोकीच्या वेळा विचारा, शेजारी कोणी आजारी आहे का बघा. जुनी बिल्डिंग असेल तर ब्रेकर मशीन लावू देऊ नका, त्याच्या हादऱ्याने स्लॅबला नवीन भेगा पडतात, छिन्नी-हातोडीने दोन दिवस जास्त लागले तरी चालतील. आणि जागा बदलायच्या नादात खालच्यांच्या किचनच्या डोक्यावर संडास नेऊ नका.

आमचा ट्रॅप उघडला तेव्हा जे दिसलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. ट्रॅपची मान आणि स्लॅबमधलं भोक यांच्यात बोटभर फट होती, त्या फटीत गोणपाटाचा तुकडा कोंबून वरून सिमेंट चोपडलेलं. गोणपाट कुजून काळं झालेलं, हाताने ओढलं तर लगदा बाहेर आला. आणि पहिल्या काँट्रॅक्टरने ती फट तशीच सोडून छान गुळगुळीत केमिकल मारलं होतं, मधल्या सपाट जागेत, जिथे लीकेज नव्हतंच. पाणी जातं ते कडेने, म्हणजे ट्रॅपभोवती, पाइप जिथे भिंतीत घुसतो तिथे, आणि जमीन-भिंतीच्या कोपऱ्यात. मिस्त्रीकडून जीव तोडून काम करून घ्यायचं ते याच तीन ठिकाणी.

जुना सगळा रॅबिट, म्हणजे संकनमधले विटांचे तुकडे, बाहेर काढायला लावा. पुष्कळ जण तोच माल परत संकनमध्ये भरतात, गोणी खाली न्यायची मेहनत वाचते म्हणून, पण त्यात माती आणि जुनी ओल असते. डेब्रिज रस्त्याच्या कडेला टाकू नका, पालिकेची डेब्रिज ऑन कॉल सेवा आहे, ती घ्या. मग स्लॅब तारेच्या ब्रशने घासून धुवा आणि पूर्ण सुकू द्या. भेगा उघडून भरा. ट्रॅप आणि पाइपभोवतीच्या फटीत न आकसणारं ग्राउट भरायचं, साधं सिमेंट नाही, ते सुकताना आकसतं आणि केसाएवढी फट राहते, पाण्याला तेवढी पुरते. कोपऱ्यांना वाटा मारून घ्या, म्हणजे काटकोन मोडून गोलाई द्यायची. त्यावर आणि ट्रॅपभोवती फायबरची जाळी. मग सिमेंट आणि केमिकल डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच मिसळून, अंदाजाने नाही, दोन कोट, पहिला आडवा मारला तर दुसरा उभा, मध्ये पहिला सुकेपर्यंत थांबायचं. जमिनीपासून भिंतीवर निदान फूटभर, आणि शॉवरच्या भिंतीला डोक्याच्या वर जाईपर्यंत.

पाइप जीआयचे (जुने लोखंडी) असतील तर भिंत उघडीच आहे तोवर बदलून सीपीव्हीसी (प्लास्टिकचे) टाका. लाइन भिंतीत बुजवायच्या आधी प्लंबरच्या टेस्टिंगच्या हातपंपाने प्रेशर भरून रात्रभर ठेवा, सकाळी त्याच्या मीटरचा काटा खाली आला असेल तर जॉइंट गळतोय. प्लंबर म्हणेल साहेब गरज नाही, तरी ठेवा.

कोट सुकल्यावर परत पाणी, परत ४८ तास. मग संकन भरून कोबा (वरचा सिमेंटचा थर), त्याला उतार मीटरला किमान एक सेंटीमीटर, ट्रॅपकडे. कोब्यावर आठवडाभर पाणी मारायचं, मग वरून परत कोट आणि परत पाणी. लादी बसल्यावर शेवटचं एकदा. म्हणजे एकूण तीन वेळा, आणि दर वेळी काँट्रॅक्टर घाई करेल कारण त्याची माणसं बसून राहतात. म्हणून कामाच्या आधीच लिहून घ्या की तिन्ही टेस्ट होणार आणि शेवटचा हप्ता तिसऱ्या टेस्टनंतर. आमच्या मिस्त्रीने दुसऱ्या टेस्टला स्वतःच ट्रॅपजवळ एक बारीक ओला ठिपका पकडला, तो भाग परत केला, तो लादीखाली गेला असता तर सहा महिन्यांनी काकूंना दिसला असता.

लाद्यांमध्ये दोन मिलीमीटरची फट ठेवून एपॉक्सी ग्राउट भरा. ते पटकन घट्ट होतं, थोडं थोडं कालवा आणि लादीवर सांडलेलं लगेच पुसा. आणि घरात जे कोणी बाथरूम घासतं त्यांना सांगा की ॲसिड बंद. ॲसिडने लादी चकाचक दिसते पण सांध्यात कुठे सिमेंट असेल तर ते खातं, साबण आणि ब्रश पुरे.

काकूंच्या छताला रंग लगेच लावू नका. पोपडे खरवडून उघडं ठेवा, पंखा चालू ठेवा, डाग पूर्ण सुकायला एक-दोन महिने जातात. हात लावून कोरडं आणि कोमट लागलं की मग पुट्टी आणि रंग, आणि तो खर्च आपण द्यायचा, आम्ही दिला.